उलटा एन

जुन्या बाजारात, रविवारी,
गंजक्या पान्यांचा ढीग आणि पाय नसलेलं शिवणयंत्र
यांच्या मध्ये ती आडवी पडली होती.
ठासणीची बंदूक.
विकणारा म्हणाला, अठराशे सत्तावन्न.
मी विचारलं, साल की किंमत?
तो हसला नाही.
साडेतीन हजारांना सुटली.

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत काय चुकलंय
एवढंच सांगायचा पगार घेतला.
सवय जात नाही.
जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला.
बायको म्हणाली, तेल सांडलं तर याद राखा.

व्हर्नियर लावला.
नळीचं तोंड गोल. फारच गोल.
करंगळी आत घातली तर शिवण लागली,
लांबच लांब, पोटाच्या टाक्यांसारखी.
म्हणजे पाइप. बहुधा पाण्याचा.
दस्त्याच्या लाकडाला चहाचा वास,
आणि चापाच्या पट्टीवर, इंग्रजीत, ठोकून: लंडन.
त्यातले दोन्ही एन उलटे,
आरशात बघून भांग पाडल्यासारखे.

आता दोन्ही उलटे म्हणजे पंच एकच.
आणि पंच म्हणजे कुणीतरी माणूस,
कानशीला तोंड देऊन बसलेला.

बोहरी आळीत मुर्तझाभाईंनी भिंग लावलं,
बराच वेळ काढला नाही.
मग म्हणाले, हा गोविंद करडेचा हात.
तांबट आळीत जा. असेल तर असेल.

नव्हता.
पुतण्या होता, घंगाळाच्या बुडाशी ठोके घालत.
ठोका न थांबवता त्यानं हनुवटीनं फळी दाखवली:
कुठल्याशा क्लबची विजेत्यांची ढाल,
न्यायला कुणी आलंच नाही.
विनर. दोन्ही एन उलटे.
मला इतका आनंद झाला की मी ढालीला हात लावला.
पुतण्या म्हणाला, काकाला इंग्रजी येत नव्हतं.
पंचांचा डबा उधारीपोटी गेला,
बाबालाल शिकलगारकडे. मंगळवारात.

जिथून घेतली त्या बाजारापासून
चारशे पावलं. मोजली.

हमीदाबींनी बंदूक मांडीवर आडवी घेतली,
पोर घ्यावं तशी नाही, सूप घ्यावं तशी.
सिरियलवाल्यांची ऑर्डर होती, म्हणाल्या.
लढाईचा सीन. चाळीस नग, अठरा दिवसांत.
पैसे तिसांचे आले.
लाकूड टिंबर मार्केटचे तुकडे, स्प्रिंग रिक्षाची,
रंगाला मीच चहा उकळायची, पातेलं अजून काळं आहे.
आणि लंडन?
ते डायरेक्टरनं कागदावर लिहून दिलेलं.
बरोबर लिहिलं होतं की त्यांनी? असं मलाच विचारलं.
मी म्हटलं, हो.

मग त्यांनी नळीच्या बुडाशी नख फिरवलं.
कान नाही बघा हिला.
पाडायचाच नाही म्हणायचे, पोलिसांचं लफडं.

मी वाकून पाहिलं.
भोकाच्या जागी नुसतं टिंब,
ड्रिल टेकवून उचललेलं.
तीन रविवार व्हर्नियर, भिंग, टॉर्च,
वहीत बावीस मापं,
आणि बत्ती जिथे द्यायची तो कानच नाही
हे मला दिसलं नव्हतं.
एकतीस वर्षांत असं किती काय पास करून सोडलं असेल.

बुडलेल्या दहांतली असली, त्या म्हणाल्या,
तर तुमच्याकडून पैसे येणं आहेत.
आणि हसल्या, पदराआड, बराच वेळ.
मी पाकीट काढलं तर रागावल्या.

तिथेच वही उघडली.
बनवणार: बाबालाल शिकलगार, मंगळवार पेठ.
अक्षरं: गोविंद करडे.
रंग: हमीदाबी.
साल विचारलं.
त्यांनी छताकडे पाहिलं, बोटं मोडली,
म्हणाल्या, मुमताज चौथीत होती.

तेच लिहिलं.